साचेघर बंद करण्याबाबत

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बातमी आधी, बाकीचं नंतर. सरकारने खर्चकपातीची समिती नेमली आहे आणि तीत बाहेरच्या कंपन्यांतली सात माणसं सहा महिन्यांसाठी उसनी घेतली आहेत. त्यातला एक मी. पगार कंपनीच देणार, सरकारचा चहासुद्धा प्यायचा नाही असं ठरलंय. आमच्या मालकांनी बोलावून सांगितलं, पार्सलं पोचवण्यात तू मिनिटं वाचवलीस, आता देशाची वाचव. तिथे मी नुसता हसलो, पण घरी येताना छाती फुगली होती हे तुला म्हणून सांगतो.

बसायला जुन्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर खोली दिली आहे. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली जाड कागदाची घडी. काढून बघितली तर मागच्या खर्चकपात समितीचा अहवाल.

आता कामाचं. माझ्या वाट्याला आरोग्य खात्याची चाळीस कार्यालयं आली आहेत आणि सतराव्या नंबरवर तुमची कृत्रिम पायांची कार्यशाळा आहे. दचकू नकोस, तुझ्या खुर्चीला कोणी हात लावणार नाही. अडचण एवढीच, की माहिती मागवली की कागदावर सगळेच घाम गाळताना दिसतात. खरं काय ते आतल्या माणसालाच ठाऊक. म्हणून तू मला लिही. सरकारी भाषेत नको. मी वसतिगृहात असताना लिहायचीस तसं. नऊ वर्षांचा होतो, रोज रडायचो, आणि दर शनिवारी तुझं पत्र यायचं. त्यात बाबांच्या घोरण्याची नि आत्याच्या चिकटपणाची अशी टिंगल असायची की अख्खी खोली लोळायची. तसंच लिही. कोण काय करतं, कोण नुसतं बसतं. पत्रं माझ्याजवळच राहतील.

तुझा
ढब्बू


११ फेब्रुवारी

ढब्बूशेठ,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि शेजारणीला एकदा वाचून दाखवलं. देशाची मिनिटं वाचवायला निघालेला माझा भाऊ बुटाची नाडी बांधायला अर्धा तास लावायचा, हे तुझ्या समितीला कोणी सांगितलंय का?

आम्ही इथे पाच जण. मी मुख्य लिपिक, म्हणजे हाताखाली एकही लिपिक नाही, तरी मुख्य. भांडारात एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे चार स्क्रू मागितले तर काळजाचा तुकडा मागितल्यासारखा चेहरा करतात. यंत्रांवर दोघं, एकमेकांचे साडू. सहा वर्षं बोलचाल बंद. याला पान्हा हवा असला की हा मला सांगतो, मी त्याला सांगते, तो मला देतो. आणि साचेघरात मास्तर.

मास्तरांबद्दल काय लिहू आणि किती लिहू. पाय गेलेल्या माणसाचा उरलेला पाय प्लास्टरमध्ये घेऊन त्याचा साचा काढायचा, हे त्यांचं काम. त्या साच्यावरून पुढे पाय बनतो. आता हे काम करावं की नाही? पण नाही. माणूस आला की आधी बाकावर बसवायचा. मग चहा. मग घरी कोण कोण, धंदा काय, सासूचं पटतं का, धाकटा शाळेत जातो का. दोन तास गप्पा, दहा मिनिटं काम. हे मी त्यांना तोंडावर सांगते. त्यावर म्हणतात, बाई, रजिस्टर भरणं सोपं असतं. दिवसाला तीन साचे झाले की यांना शीण येतो.

त्यांचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. लावतात तो त्यांनीच केलेला, आणि तो वाजतो. जगाचे पाय बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायात तेल घालायला सवड नाही. बोळातून आले की मान वर न करता मला कळतं, आली स्वारी.

झालं समाधान? तब्येतीला जप. सरकारी जिने उंच असतात, दमायला होतं तुला.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

असं पत्र चाळीस कार्यालयांतून आलं असतं तर माझं काम आठवड्यात संपलं असतं. साडूंचा किस्सा मी घरी सांगितला, ही पोट धरून हसली. आणि तुझं ते दोन तास गप्पा, दहा मिनिटं काम हे वाक्य मी समितीच्या बैठकीत ऐकवलं. तुझं नाव घेतलं नाही. अध्यक्षांनी ते वहीत टिपून घेतलं.

आमच्याकडे पार्सल उचलणारा माणूस दारात चाळीस सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर त्याच्या हातातलं यंत्र वाजतं. पहिल्या महिन्यात सगळे चिडले, नंतर अंगवळणी पडलं. माणसाला वेळ दिला की तो पसरतो, एवढंच मी वीस वर्षांत शिकलो.

तुझ्या मास्तरबद्दल आणखी लिही. दिवसाला तीन साचे करून उरलेल्या वेळात हा माणूस करतो काय? तुझ्या टेबलाशी येऊन बसत असेल. तुझं काम खोळंबत असेल. संकोच करू नकोस, मोकळेपणाने लिही.

तुझा
ढब्बू


१ मार्च

प्रिय ढब्बू,

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मी कशाला कोणाच्या चुगल्या करू.

येतात ना टेबलाशी. दिवसातून चार वेळा. कारण काय, तर आज तारीख काय. साचेघरात हे एवढं मोठं कॅलेंडर आहे, मीच लावलंय, पण तारीख विचारायला बाईंकडे यायचं. हात प्लास्टरने माखलेले, तेच माझ्या आवक रजिस्टरवर ठेवायचे. मागच्या वर्षीचं रजिस्टर उघडलंस तर पानोपानी पांढरी बोटं दिसतील. जेवायच्या सुट्टीत स्वतःचा डबा आधी माझ्यापुढे सरकवायचा आणि मग माझा अर्धा खाऊन टाकायचा. वर म्हणायचं, मीठ जरा कमी पडलं. गातात तर असं, की यंत्रावरचे साडू त्या वेळेपुरते एकमेकांकडे बघतात.

मागच्या रविवारी घरी आले होते. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, मी सहज बोलून गेले होते. पिशवीत पान्हे घेऊन हजर. दोन तास खाली वाकून खटपट केली. गळका नळ थांबला आणि बाथरूममधला न गळणारा गळायला लागला. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही पाय करता तेच बरं. तर म्हणाले, म्हणजे पुढच्या रविवारी यावं लागणार.

सांग आता, अशा माणसाचं काय करायचं?

ताई


१४ मार्च

प्रिय ताई,

गडबडीत आहे, थोडक्यात लिहितो.

दाजींना जाऊन नऊ वर्षं झाली. तू एकटी राहतेस. हा माणूस ऑफिसात तुझा डबा खातो, टेबल सोडत नाही, आणि आता सुट्टीच्या दिवशी पान्हे घेऊन घरात शिरतो. तू ते हसण्यावारी नेलंस, तो तुझा स्वभावच आहे. बाबा होते तेव्हाही तू कधी सरळ तक्रार केली नाहीस, सगळं थट्टेत घालवलंस. पण शेवटी विचारलंस ना, याचं काय करायचं? मला कळलं.

बघतो मी.

ढब्बू


२९ मार्च

प्रिय ढब्बू,

अरे, बघायचं काय त्यात? साठीला टेकलेला माणूस नळ दुरुस्त करायला आला, डाका घालायला नाही आला. तू आपला तुझ्या चाळीस कार्यालयांकडे बघ.

आणि त्यांच्या गप्पांचं म्हणशील तर त्याचा शोध मला परवाच लागला. आजवर कोणाला बोललो नाही असं म्हणून मास्तर स्वतःच सांगत होते. पाय गेला त्या अपघातानंतर बायको तीन महिने राहिली आणि माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, तुमच्या पायाकडे बघवत नाही मला. पुन्हा आली नाही. मी म्हटलं, पायाचं निमित्त हो मास्तर, तुमच्या गप्पा ऐकवल्या नसतील तिला. हसले बिचारे. म्हणजे बघ, घरी ऐकायला कोणी नाही म्हणून सरकारी वेळेत पेशंटला धरून बसवतात. कोडं सुटलं की नाही?

तुला आणखी एक सांगायचं होतं, पण ते पत्रात नको. तू सवडीने येशील तेव्हा समोर बसून सांगेन. घाई नाही. पण लवकर ये.

तुझी
ताई


२ मे

प्रिय ताई,

अभिनंदन. तुमच्या कार्यशाळेचा आदेश आज निघाला. तुझं पद कायम. भांडारी आणि दोघं साडूही कायम, त्यांना आता एकमेकांशी बोलायला शिकव. साचेघर मात्र बंद. महिनाअखेर तिथे एक मापन यंत्र बसेल. पेशंटने पाय पुढे धरायचा, चार मिनिटांत माप संगणकात. साचे नाहीत, प्लास्टर नाही, चहा नाही. दिवसाला पन्नास माणसं होतील. चाळीस कार्यालयांत सगळ्यात चोख निर्णय हाच झाला, असं अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले.

आदेशात कारण द्यावं लागतं. तिथे मी नवीन काही रचलं नाही, तुझंच वाक्य घातलं. याहून नेमकं कोणाला लिहिता आलं असतं?

तुझी रजिस्टरं आता स्वच्छ राहतील. सुंठीवाचून खोकला गेला. तुला एका शब्दाने वाईटपणा घ्यावा लागला नाही, म्हणून मला जास्त बरं वाटतंय.

तुझा
ढब्बू


१२ जुलै

ढब्बू,

दोन महिने लिहिलं नाही. दोनदा लिहायला बसले आणि उठले. आता सगळं लिहिते, कारण या विषयावर मी पुन्हा लिहिणार नाही.

आवक-जावक माझ्याकडे आहे हे तू विसरलास. तुझ्या आदेशाचं पाकीट मीच फोडलं. विषय, साचेघर बंद करण्याबाबत. त्यावर शिक्का मीच मारला, नंबर मीच घातला, आणि पोच घ्यायला मास्तरांकडे मीच गेले, कारण ते माझं काम आहे. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि सगळा कागद सावकाश वाचला. कारणाच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "बाई, हे वाक्य तुमचं ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. इतकी वर्षं या तोंडाने बडबड केली, आणि त्या वेळी मी पोचेचा कागद पुढे केला. त्यांनी पोचेवर सही केली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून तारीख घातली आणि बाकावर बसलेल्या माणसाला म्हणाले, तुमचा साचा तेवढा आज घेऊन टाकू. महिनाअखेरपर्यंत ते रोज आले, पण माझ्या टेबलाकडे नाही.

आता ते दोन तास काय होते ते ऐक. माणूस लांबून प्रवास करून येतो, त्याचा उरलेला पाय सुजलेला असतो. तो उतरायला दोन तास लागतात. आणि परक्या माणसाने पायाला हात लावला की तो अंग आखडून घेतो. त्या वेळी माप घेतलं तर पाय त्या आखडलेल्या माणसाचा बनतो, घरी गेल्यावर तो त्याला बसत नाही. मास्तर गप्पा मारता मारता बघायचे, माणूस कुठल्या अंगावर कलतो, हसताना कुठे दुखतं. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तुला लिहिलं नाही, कारण मी अहवाल लिहीत नव्हते रे, भावाला पत्र लिहीत होते.

तुझ्या यंत्रावर पहिल्या आठवड्यात एक बस चालवणारा आला. सात तास प्रवास करून आलेला, चार मिनिटांत मोकळा केला. पाय सैल झाला, त्याने आत चिंध्या कोंबल्या, जखम झाली, चिघळली. मागच्या सोमवारी त्याचा गुडघाही कापला. दोन मुली आहेत त्याला. हे मास्तरांनी आधी विचारून घेतलं असतं, यंत्राने घेतलं नाही.

आता माझं. वसतिगृहात मी तुला कोणाची टिंगल करून लिहायचे? बाबांची, आत्याची, तुझी. ज्यांच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं त्यांच्याबद्दल मी तुला कधी एक ओळ लिहिली होती का? आपल्या घरात प्रेम असंच बोललं जायचं, दुसरं कोणाला येतच नव्हतं. जगात हे फक्त तुला माहीत होतं आणि तूच त्याचा आदेश काढलास.

त्या रविवारी नळाचं काम झाल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, बाई, निवृत्तीनंतर एकत्र राहायचं का? मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार कसला करायचा होता, माझं हो होतं. आहे. फक्त घरात उरलेल्या एका माणसाला आधी सांगावं म्हणून थांबले. तो माणूस तू. समोर बसून सांगायचं होतं ते हे.

मी दोनदा त्यांच्या घरी गेले. एकदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, उभ्यानेच म्हणाले, काही सरकारी काम आहे का?

आदेश मागे घे. नाही घेता आला तर एक कर. त्यांना लिही की माझ्या बहिणीने तक्रार केली नव्हती, चूक माझी झाली. माझ्या तोंडून ते आता ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. तुझ्यापुढे मी आयुष्यात कधी हात पसरला नाही, आज पसरते.

ताई


१० ऑगस्ट

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण समितीचे शेवटचे दिवस होते. सोमवारपासून मी कंपनीत परत. समिती विसर्जित झाली आहे, त्यामुळे आदेश मागे घ्यायला आता कोणी उरलेलंच नाही. अर्ज केलास तर तो कोणाकडे जाईल हे मलाही सांगता येणार नाही.

बसवाल्याचं वाईट वाटलं. पण यंत्राच्या तक्रारी शंभरात चार आहेत. आमच्या पार्सलांत सहा असतात. एका माणसाकडे बघून निर्णय बदलायला लागलो तर एकही निर्णय टिकणार नाही.

बाकी जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मला तू लिहिलंस त्यातला एकही शब्द मी बदलला नव्हता. खोटं मी लिहिलं नाही ताई, तू लिहिलंस. तीन पत्रं. आणि छपन्नाव्या वर्षी तुला हे सुचलं, तेही त्या माणसाबाबतीत, हे मी हिलासुद्धा सांगू शकलेलो नाही.

तरी तुझा शब्द खाली पडू दिला नाही. चूक माझी झाली असं लिहून देणं मला शक्य नव्हतं, कारण ती झालेली नाही. पण त्याला खरं काय ते कळावं एवढीच तुझी इच्छा होती ना? फायली रिकाम्या करायच्याच होत्या. तुझी चारही पत्रं, मूळ प्रती, मी त्याला रजिस्टर पोस्टाने पाठवून दिली. प्रत्येक पत्र वेगळ्या पाकिटात, डिंक लावून, वर एक ते चार आकडे. क्रमाने वाचा असं वर लिहिलं आहे. चौथ्यात तू सगळं स्वच्छ लिहिलंच आहेस, त्याहून जास्त मी काय सांगणार? आता तो जाणे आणि तू जाणे.

बूट घालताना अजून तुझी आठवण येते.

तुझा
ढब्बू


२४ ऑगस्ट

मुख्य लिपिक बाई यांस,

तुमच्या भावांनी पाठवलेली चार पाकिटं पोचली. क्रमाने वाचावीत असं लिहिलं होतं, तशी वाचायला घेतली.

पहिल्यात होतं ते तुम्ही मला रोज तोंडावर म्हणत होतात, त्याचं काही नाही. ते तिकडे का लिहिलंत ते कळलं नाही, पण म्हटलं, भाऊ आहे, लिहिलं असेल. दुसरं वाचताना नळाच्या जागी हसू आलं. वाटलं, आपणच गैरसमज करून घेतला, बाईंना उगाच दारातून परत पाठवलं. उठून कपडेही केले होते तुमच्याकडे यायला. मग म्हटलं, उरलेली दोन वाचूनच जावं.

तिसऱ्यात माझ्या बायकोचं होतं. ती जाताना जे बोलली ते मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. एकाच माणसाला सांगितलं होतं. ते तुम्ही समितीतल्या साहेबांना हसायला लिहून पाठवलंत.

मी हे गाव सोडतो आहे. लांब एका लाकडाच्या वखारीत मापाड्याचं काम मिळालंय. पत्ता कोणाकडे ठेवलेला नाही. त्या रविवारी तुम्हाला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर आता देऊ नका.

चारही पाकिटं सोबत परत करतो आहे. चौथं फोडलेलं नाही. त्यात आणखी काय काय लिहिलं असेल ते मला वाचायचं नाही.

पोच नको.

साचेघर मास्तर